हिरवंच कापलेलं गवत

ताश-बुलाक, ९ जून

मेदेर,

पाकिटावर पत्ता जुमाशने घातलाय, आत मी आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच चुलीत घातलं असतंस, म्हणून ही युक्ती. जुमाश म्हणजे आपल्या वरच्या आळीतला, इथून रशियात तुझ्या एकातेरिनबुर्गपर्यंत बस चालवतो तो. त्याला बजावलंय की पत्र मेदेरच्या हातात द्यायचं आणि तो वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही. तेव्हा बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस, चहा दे.

फोन तू उचलत नाहीस. सहा वर्षं झाली. मग मीही करायचं सोडलं. तू हट्ट कुणाचा घेतलास ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कामाचं लिहिते. बेकतेमिरची निवड झाली. बिश्केकच्या फुटबॉल अकादमीने मे महिन्यात तीनशेच्या वर पोरं खेळवून बघितली आणि त्यातली अकरा घेतली. त्यात आपला एक. तिथेच राहायचं, तिथेच शाळा, दिवसातून दोनदा सराव. चांगला निघाला तर सोळाव्या वर्षी क्लबचा करार. म्हणजे खेळणं हीच नोकरी. लोक कामावर जातात तसं हा मैदानावर जाणार.

सात वर्षांचा होता तेव्हा तुझ्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, "मोठेपणी काय करणार? मेंढ्या की ट्रॅक्टर?" तर म्हणतो कसा, "बाबा, मी उजव्या बाजूने पळणार." आम्ही पोट धरून हसलो. पाच वर्षं झाली, तो अजून उजव्या बाजूनेच पळतोय. हिवाळ्यात गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारतो, शंभर वेळा उजव्या पायाने, शंभर वेळा डाव्या. त्या दणदणाटाने गाय दूध चोरायला लागली, तरी मी त्याला हटकलं नाही. तुझ्या वडिलांनी नदीकाठच्या गवताच्या रानात सफेद्याच्या झाडाचे चार खांब पुरून दोन गोल उभे केलेत. गोलकीपर कोण असेल? मी. पायात रबरी बूट, हातात जाड लोकरी नमद्याचे मोजे, माझे मीच शिवलेले. एकोणसत्तरीत उडी मारता येत नाही, पण पडता येतं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगते. त्याच्या जन्माच्या दाखल्यात एक किरकोळ अडचण आहे. त्यासाठी तू आणि सादात, दोघा नवरा-बायकोंनी नारिनच्या कोर्टात येऊन एक सही करायची. वीस ऑगस्टला अकादमीची यादी बंद होते. या, सही करा, जा. बाकी काही बोलायची गरज नाही.

अलिमानसाठी जर्दाळू पाठवलेत. नात कशी दिसते तेही मला ठाऊक नाही, पण जर्दाळू सगळ्यांनाच आवडतात.

कालिपा


ताश-बुलाक, २४ जून

मेदेर,

जुमाश सांगत होता, तू पत्र उभ्यानेच वाचलंस, दोनदा वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि त्याला चहा पाजलास. "काही म्हणाला का?" विचारलं तर म्हणतो, "काकू, एकच शब्द म्हणाला. म्हणाला, किरकोळ?"

बरं. किरकोळ नाही.

झालं असं. मी आणि तोलोगोन मास्तर बेकतेमिरला घेऊन बिश्केकला गेलो. तोलोगोन म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर. ह्या पोराला त्यांनीच शोधलं म्हणायला हरकत नाही. तिथे नावनोंदणीच्या खोलीत एक चष्मेवाली पोरगी बसली होती. म्हणाली, "आजी, मुलाच्या आईला बोलवा." मी म्हटलं, "मीच आई." तिने दाखला बघितला, माझं ओळखपत्र बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाली, "म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी तुम्हाला मुलगा झाला?"

मी म्हटलं, "झाला. तुला काही म्हणायचंय?"

मास्तरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मुलगी तोंडाळ नव्हती, ते कबूल करते. तिने नीट समजावून सांगितलं. गेल्या वर्षी दोन पोरं निघाली, चौदाची असून बाराची म्हणवून खेळणारी, खोट्या दाखल्यांवर. बेकतेमिर उंच आहे, खांदे बघ त्याचे, आणि वर दाखल्यावर आईच्या जागी एका म्हातारीचं नाव. कुणालाही संशय येणारच. मी तिला म्हटलं, अगं, पहिला नातू आजी-आजोबांचा असतो, तू काय परदेशातून आलीस का? तर ती म्हणाली, "आजी, माझा मोठा भाऊसुद्धा आजीकडेच वाढला. तिलाच आई म्हणतो. पण दाखल्यावर नाव आईबापाचंच आहे. रीत घरात पाळतात, कागदावर कोण लिहितं?"

मेदेर, मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

कोर्टाकडून दाखला दुरुस्त करून आणा, रक्ताची तपासणी जोडा, मग नाव घालतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तुम्ही दोघांनी न्यायाधीशापुढे उभं राहून म्हणायचं की हा आमचा मुलगा. आणि मी म्हणायचं की हा माझा नाही.

कागदाची गोष्ट तुला माहीत आहे, पण मी एकदा माझ्या तोंडाने सांगते. तू बावीसचा होतास, सादात एकोणीसची. वर उन्हाळी कुरणावर तो जन्मला आणि सातव्या दिवशी तुम्हीच त्याला पांढऱ्या शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलंत. रीतच आहे, मी काही हिसकावून घेतला नव्हता. पण कागदावर लिहा असं तुम्ही म्हणाला नव्हतात. सप्टेंबरात खाली उतरल्यावर तुझे वडील दाखला काढायला कचेरीत निघाले, तेव्हा दारात त्यांना अडवून मी सांगितलं की आपलीच नावं घाला. कचेरीत त्यांच्या वर्गातलाच माणूस होता. त्याने एक प्रश्न विचारला नाही.

आणि सहा वर्षांपूर्वी अलिमान झाल्यावर तुम्ही दोघं बेकतेमिरला न्यायला आलात, तेव्हा तोच कागद मी पेटीतून काढून तुझ्या नाकासमोर धरला. म्हटलं, "वाच. आई कालिपा, बाप सागिन. तू कोण? थोरला भाऊ. भावाला एवढा हक्क नसतो." सादात माझ्यासमोर मान खाली घालून उभी होती. सासूपुढे बोलायचं नसतं म्हणून ती बोलली नाही, आणि ते मला सोयीचं होतं. तू नानचा तुकडाही न मोडता उंबरठा ओलांडलास. ह्या घरातून मेंढ्या चोरायला आलेला माणूससुद्धा नान मोडल्याशिवाय गेलेला नाही.

तर असं आहे. कागदावर तू बाप हो. घरात तो माझाच राहील. एवढं माझं तू मान, तुझं मी मानते.

कालिपा


ताश-बुलाक, ८ जुलै

मेदेर,

जुमाश रिकाम्या हाताने आला. निरोपही नाही. हरकत नाही, मी लिहीतच राहणार. वह्या दुकानात पुष्कळ आहेत.

गवतकापणी चालू आहे. सगळं गाव रानात आहे. फक्त आपल्या नदीकाठच्या रानात गवताची गंजी नाही, कारण तिथलं गवत तुझे वडील मेपासून दर दहा दिवसांनी कोवळं, हिरवंच कापतात. घोट्याच्या वर वाढूच देत नाहीत, चेंडू नीट घरंगळावा म्हणून. शेजारचा बायिश कुंपणावरून दात काढतो, "सागिन, हिवाळ्यात गायींना काय चारणार, फुटबॉल?" तुझे वडील कोयता दगडावर घासत म्हणतात, "वरचं रान आहे गायींना. पोराला पळायला एवढंच सपाट आहे." आणि पुन्हा कापायला लागतात. बाहत्तर वर्षांचा माणूस, पाठीला नमदा बांधून.

मी काल त्यांना चहा घेऊन गेले आणि बांधावर बसले. त्यांना कापताना बघत होते. मग घरी आले आणि हे लिहायला बसले, कारण आता नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही.

तू सतरा वर्षांचा होतास. असेच गवतकापणीचे दिवस होते. बिश्केकच्या क्लबचा माणूस गाडी घेऊन आला, तुला न्यायला. उजव्या बाजूने तुझ्यासारखा पळणारा पोरगा आपण बघितला नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या वडिलांनी तुला रानात बोलावून सांगितलं, नाही. जायचं नाही. तू कोयता उचललास आणि कापायला लागलास. त्यानंतर सतरा वर्षं तू त्यांच्याशी सरळ बोललेला नाहीस.

नाही ते म्हणाले. पण ते माझं नाही होतं.

त्यांना तुला पाठवायचं होतं. आदल्या दुपारी ते मला म्हणाले, "जाऊ दे त्याला. गवत मी कापेन." मी म्हटलं, धाकटा मुलगा घर सोडून जातो का कधी? घर त्याचं, म्हातारे आईबाप त्याचे. दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या, आता हाही गेला तर गवत कोण कापणार, त्याचा तो ट्रेनर? मी जेवले नाही. भांडी आपटली. शेवटी ते म्हणाले, "बरं, मी सांगतो त्याला." "तूच सांग" असं ते मला म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत तू त्यांच्याकडे पाठ करून बसलास, तरी "तुझ्या आईला विचार" असं एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि मी ते बघत राहिले आणि तुम्हा दोघांना चहा ओतत राहिले.

आता दाखल्याचंही ऐक. मी आपली नावं का घालायला लावली? रीत म्हणून? रीत आईबापाची नावं पुसायला सांगत नाही, हे मला त्या चष्मेवालीच्या आधीपासून कळत होतं. मला वाटलं, पोर कागदावर माझं असेल तर तू घर सोडून लांब जाणार नाहीस. तू तरीही गेलास. मग माझ्याकडे पोर राहिलं आणि कागद.

ज्या गवतासाठी तुला जाऊ दिलं नाही ते गवत आता तुझे वडील कापून टाकतात. आम्हाला उशिरा अक्कल आली म्हण, मी काही म्हणणार नाही. पण ह्या पोराचं तसं होऊ देणार नाही. वीस ऑगस्टच्या आत तो बिश्केकला पोचलाच पाहिजे. कोर्टात अर्ज मी परवा देऊन आले. माझ्या सहीखाली लिहिलंय, खोटी नोंद मी करवली. वकील म्हणाला, असं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, तू तुझं बघ.

कालिपा


ताश-बुलाक, २२ जुलै

मेदेर,

एकोणतीस दिवस राहिले.

परवा गोलमध्ये उभी होते. बेकतेमिर चेंडू घेऊन आला आणि मारलाच नाही. माझ्यासमोर थांबला. म्हणाला, "आई, दाखला राहू दे. मी पुढच्या वर्षी जाईन."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तू तेराचा. तेराची पोरं ते नव्याने घेत नाहीत. मास्तरांनी तुला सांगितलंय, मलाही सांगितलंय."

"मग राहू दे."

"का म्हणून?"

तो गवत उपटत बसला. मग म्हणाला, "कोर्टात तुला म्हणावं लागेल ना, की तू माझी आई नाहीस."

आपण पोरांपासून काय काय लपवतो आणि पोरं ते कुठे ठेवून देतात, देव जाणे. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?" म्हणाला, "दुसरीपासून. बायिशकाकांच्या पोराने सांगितलं होतं." "मग मला विचारलं का नाहीस?" तर म्हणाला, "तू रडली असतीस."

पाच वर्षं, मेदेर. मी त्याला सांभाळते असं मी गावभर सांगत फिरत होते.

मी त्याला तिथेच, गोलमध्ये बसून सगळं सांगितलं. तुझ्या त्या क्लबच्या माणसाचं सांगितलं, गवताचं सांगितलं. आणि दोराचं सांगितलं. आतापर्यंत मी त्याला सांगत आले होते की त्याच्या पायाचा दोर तालुक्याच्या एका पहिलवानाने कापला. खोटं. तो तेरा महिन्यांचा होता, पहिली पावलं टाकायला लागला होता. मी त्याच्या दोन्ही पायांना काळा-पांढरा दोर बांधून अंगणात उभं केलं. गावातली पोरं लांबून शर्यत धावत आली, पहिला येईल त्याने सुरीने दोर कापायचा, म्हणजे पोर त्याच्यासारखं पळेल. आणि त्या पोरांत तू घुसलास. पोराच्या शर्यतीत बाप धावतो का कुठे? अनवाणी धावलास. म्हाताऱ्या हसत होत्या, मी तुझ्यावर ओरडत होते, आणि तू आलास, दोर कापलास आणि सगळ्या मोठ्यांच्या देखत पोराला उचलून घेतलंस. तसं करायचं नसतं हे तुलाही ठाऊक होतं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलंस आणि त्याला माझ्या हातात दिलंस.

ऐकून त्याने मला काय विचारलं असेल? "दादा किती पुढे होता?" तुला तो दादाच म्हणतो, मीच शिकवलंय. मी म्हटलं, "दुसरा पोरगा पोचला तेव्हा दोर कापून झाला होता."

तो उठला, चेंडू मागे नेऊन ठेवला आणि असा मारला की माझ्या मोज्याची शिवण उसवली. "जाणार ना मग?" म्हटलं. म्हणाला, "जाणार."

आता मी जूनच्या पत्रातली अट मागे घेते. घरात माझा, कागदावर तुझा, असलं काही नाही. कागद झाला की तो तुझा. तू त्याला रशियाला न्यायचं म्हणालास तर कायदा तुझ्या बाजूने असेल आणि मी आडवी येणार नाही. आडवी येऊन मी काय मिळवलं ते तुला मी सांगायला नको. फक्त न्यायच्या आधी एकदा नदीकाठी उभं राहून त्याला खेळताना बघ. अर्धा तास बघ. मग तुला वाटेल ते कर.

तुझ्या वडिलांना ह्या पत्रांतलं काही माहीत नाही. त्यांच्याशी तू काय बोलायचं ते तू ठरव.

कालिपा


ताश-बुलाक, ३१ जुलै

मेदेर,

जुमाशने तुझी चिठ्ठी आणली. "तारीख कळव." दोन शब्द. तुझ्या वडिलांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली, मग टोपीत ठेवली.

बारा ऑगस्ट, सकाळी दहा, नारिन. दोघांची ओळखपत्रं, लग्नाचा दाखला. रक्त तपासायला दोन दिवस आधी या. अलिमानला आण. नान भाजून ठेवते, मोडायचा की नाही ते तुझं तू बघ.

कालिपा


ताश-बुलाक, ८ सप्टेंबर

मेदेर,

हे पत्र तोलोगोन मास्तरांबरोबर बिश्केकला धाडते आहे. महिनाअखेरपर्यंत तुम्ही सादातच्या बहिणीकडेच आहात ना? तिला सांग, अलिमानला दुपारी दूध लागतं. आठ दिवस माझ्याकडे होती तेवढ्यात मला कळलं, तिला कळायला हवं.

काल फोनवर तू विचारलंस, "बस सुटायच्या आधी तू आत का निघून गेलीस?" मी म्हटलं, चुलीवर दूध होतं. चुलीवर काही नव्हतं. फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर ह्या उन्हाळ्यात ती सवय मोडली. म्हणून लिहिते.

पण आधी कोर्टाचं. तुम्हाला दोघांना बाहेर बसवून न्यायाधीशबाईंनी मला एकटीला आत घेतलं होतं. मी तुला त्यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "बेकतेमिर तुमचा मुलगा आहे का?" मी घरून पाठ करून गेले होते: नाही, नातू आहे. मी ओळखपत्र पिशवीत घातलं, परत काढलं. बाई चांगल्या, पाणी दिलं, थांबल्या. मी मनात म्हटलं, कालिपा, पोरगं बाहेर बाकावर पाय हलवत बसलंय, आठ दिवस राहिलेत, बोल. मग बोलले. एकदा जमल्यावर मग पुन्हा दोनदा विचारलं तरी सरळ बोलले. नवीन दाखला मिळाला तेव्हा तू सादातला दाखवलास, सादातने कपाळाला लावला. नंतर तो माझ्या हातात आला. मी पुढून बघितला, मागून बघितला. माझं नाव कुठेच नाही. असायचं कारणही नाही.

तू आलास त्या दिवशी उंबरठ्यात उभा राहून नानचा तुकडा मोडलास. सहा वर्षांपूर्वीचाही मोडलास असं मी धरलं. मग तू घरात न थांबता नदीकाठी गेलास. मी खिडकीतून बघत होते, ते तुला सांगायला हरकत नाही. अर्धा तास बघ म्हटलं होतं, तू पहिल्या पाच मिनिटांतच बूट काढलेस. चौतीस वर्षांचा बाप अनवाणी आणि बारा वर्षांचा पोरगा, चेंडू एकच. दोनदा त्याने तुला चकवलं, तिसऱ्यांदा तू त्याला. तुझे वडील कोयत्यावर रेलून उभे होते. खेळून झाल्यावर तू त्यांच्याकडे गेलास आणि त्यांच्या हातातून कोयता घेतलास. काय बोललात ते मला इथून ऐकू आलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "गवत पुन्हा कापायला झालंय, म्हणाला." एवढंच? एवढंच. पण त्या दिवसापासून ते जेवताना गुणगुणतात, आणि मी एकोणपन्नास वर्षांत त्यांना गुणगुणताना ऐकलेलं नाही.

अकादमीच्या फॉर्मवर पालकाच्या जागी तू सही केलीस आणि ट्रेनरला विचारलंस, "उजव्या बाजूला खेळवणार ना?" हे मला मास्तरांनी सांगितलं. मास्तर सांगताना रडले. मी नाही. मला वाटलं होतं तू त्याला घेऊन जाशील. घेऊन गेला असतास तर मी काही म्हटलं नसतं, आणि तू नेला नाहीस म्हणूनही काही म्हणणार नाही. तुला कळतंय.

शर्टाचा फोटो मिळाला. नव्या दाखल्याप्रमाणे पाठीवर बापाचं नाव आता सागिन नाही, मेदेर आहे. तुझ्या वडिलांनी फोटो शेजारी बायिशला नेऊन दाखवला आणि म्हणाले, "हे बघ, गायींना चारायचा फुटबॉल." शनिवारी पहिला सामना आहे. कुंपणाशी जाऊन उभा राहा. तू स्वतः जा, सादातच्या बहिणीच्या नवऱ्याला पाठवू नकोस. तो चुकला तर ओरडू नकोस, त्याला ऐकू येतं. चांगला खेळला तर नंतर सांग, लगेच नको.

आता दुधाचं.

कोर्ट झाल्यावर तीन दिवस मी त्याला शिकवत होते. रोज सकाळी नदीकाठी, सरावाच्या आधी. सादातला आई म्हणायचं. तुला बाबा म्हणायचं. म्हाताऱ्याला आजोबा. तिकडे वसतिगृहात पोरं विचारतील, ट्रेनर विचारतील, कागदावर एक आणि तोंडात एक असं नको, पुन्हा कुणाला संशय यायला नको. तो म्हणाला, "आणि तुला?" मी म्हटलं, "मला आजी." पहिल्या दिवशी तो म्हणेचना. मी म्हटलं, डावा पायही तुझा चालत नव्हता, शंभर वेळा मारलास तेव्हा चालायला लागला ना? मग म्हणायला लागला. मी गोलमध्ये, तो चेंडू मारणार आणि म्हणणार, आजी. पुन्हा चेंडू, पुन्हा आजी. अडखळला की मी परत मारायला लावत होते. तिसऱ्या दिवशी शंभरातले शंभर बरोबर आले.

बसपाशी तू मागच्या बाजूला सामान चढवत होतास, म्हणून तू हे बघितलं नाहीस. सादात दाराशी उभी होती. तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "आई, माझी पिशवी." तिच्या हातातून अलिमानची पाण्याची बाटली पडली. बारा वर्षं तिने वाट बघितली होती आणि मी तिला वाट बघायला लावली होती, तेव्हा ते बघणं मला भाग होतं. मी उभी राहून बघितलं.

मग तो माझ्याकडे आला. नानचा तुकडा मोडला, खाल्ला, उरलेला माझ्या हातात ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "येतो, आजी."

जराही अडखळला नाही, मेदेर. मीच शिकवलं होतं. म्हणून आत गेले.

तुझी आई